अंबिकेच्या गाडीचा क्लच

नवरात्र सरलं, कोजागिरीचं दूध पिऊन झालं आणि उत्तनच्या बंदरावर पापलेट लागलं. नऊ दिवस ज्यांनी मासळीचं नाव तोंडाला लावलं नव्हतं, ती मिरा रोडची गिऱ्हाईकं आता पिशव्या घेऊन वाट बघत उभी राहायची. धंद्याचे दिवस म्हणावेत ते हेच. नेमक्या अशाच एका सकाळी, मागं बर्फात घातलेल्या पाट्या, पाट्यांच्या मध्ये अंग चोरून बसलेल्या चौघी आणि पुढं सासू इंदुबाई, एवढं सगळं घेऊन निघालेली अंबिकेची व्हॅन डोंगरीच्या चढावर अडली.

इंजिन बंद पडलं नव्हतं. ते तर बोंबलत होतं. अंबिका जसजसा पाय दाबत होती तसतसा त्याचा आवाज चढत होता आणि गाडी जागची हलत नव्हती. मग ती आपल्याच भारानं हळूहळू मागं यायला लागली. आत जळका वास भरला, केस पेटल्यासारखा.

"काय गो जळतंय?" इंदुबाईनं नाकाला पदर लावला.

"क्लच गेला, आई." अंबिकेनं हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. "खाली उतरा नि चाकाखाली दगड लावा. लवकर."

इंदुबाईची साठी उलटलेली. पण ती उतरली, रस्त्याकडेचा दगड पोटाशी धरून आणला आणि मागच्या चाकाला टेकवला. मागच्या बाया एकमेकींच्या अंगावरून कलकलाट करत उतरल्या. अंबिका उतरली ती सगळ्यात शेवटी. तिनं वाकून गाडीखाली बघितलं, हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

मागून बर्फाची पिकअप आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली, गाडीकडं बघितलं, मग अंबिकेकडं बघितलं.

"क्लच पे पैर रख के चलाती होगी," तो आपल्या जोडीदाराला म्हणाला. दोघं हसले आणि निघून गेले.

"चल रं, फुट!" विमलाबाई त्यांच्या धुरामागं ओरडली. विमलाबाई म्हणजे शेजारच्या घरातली, इंदुबाईच्याच वयाची; दोघींनी जन्मभर एका वाटेनं पाट्या वाहिलेल्या. पण ओरडून झाल्यावर तीच हळूच म्हणाली, "पण अंबिका, खरंच पायाचं असंल काय गो?"

अंबिकेनं आपल्या डाव्या पायाकडं बघितलं.

त्या पायाची गोष्ट त्यांच्या मोरवा गावात सगळ्यांना ठाऊक होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बंदरावर पाटी उपसताना शिंगाळा माशाचा काटा तिच्या टाचेच्या वरच्या शिरेत घुसला होता. पाय पिकला, दवाखान्यात चिरावा लागला. जखम भरली पण घोटा आखडला तो आखडलाच. चालताना कुणाच्या लक्षात यायचं नाही. गाडी चालवताना यायचं. दुसऱ्या माणसाची टाच खाली टेकलेली असते आणि नुसता पंजा वरखाली होतो. अंबिका मांडीपासून अख्खा पाय उचलायची आणि अख्खा पाय टाकायची.

तरी ती शिकली होती. गावातल्या टेम्पोवाल्या बाबाजीनं तिला मिठागराच्या रस्त्यावर शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशीच तो इंदुबाईला येऊन म्हणाला होता, "हिचा पाय ऐकत न्हाय. सोड हा नाद." इंदुबाईलाही तसंच वाटलं होतं. अंबिका मात्र रोज जात राहिली. गाडी बांधाच्या कडेला गचके खात उभी राहायची, पोरं हसायची, ही पुन्हा चावी फिरवायची. पावसाळा संपेपर्यंत ती उत्तनला जाऊन परत आली.

गाडी घेतली ती घरच्या दोन पाट्यांसाठी. पण पाट्या नुसत्या घरच्या राहिल्या नाहीत. विमलाबाई रिक्षासाठी उभी दिसली की इंदुबाईच खिडकीतून म्हणायची, "टाक गो मागं, जागा हाय." एकीला घेतलं म्हणून दुसरीला घेतलं. अंबिकेनं कधी नाही म्हटलं नाही आणि इंदुबाईला कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्या सकाळी बाबाजीनं टेम्पो आणला, दोर बांधला आणि व्हॅन ओढत हाटकेशला यतीनभाईच्या गॅरेजात नेऊन लावली. टेम्पो आधीच भरलेला, भरली व्हॅन ओढवेना, म्हणून बाया पाट्या घेऊन रस्त्यावरच राहिल्या. जी रिक्षा थांबायची ती मासळी बघून निघून जायची. शेवटी एकाला गळ घातली आणि तीन पाट्या त्यात कोंबल्या. उरलेल्यांच्या बर्फाचं पाणी होऊन ते बायांच्या पाठीवरून ओघळलं. मिरा रोडला पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. कोलंबी लाल पडायला लागली होती आणि गिऱ्हाईक नाक मुरडत होतं.

जयकुमार, इंदुबाईचा मुलगा आणि अंबिकेचा नवरा, बोटीवर होता. नवरात्र संपल्या संपल्या बोट आत गेलेली, रेंजच्या पलीकडं. फोन लावला की बाई इंग्रजीत काहीतरी बोलायची.

"जयकुमार येऊ दे," बाबाजी म्हणाला. तो इंदुबाईच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. "गाडीचं काम हाय. बाप्या माणूस असलेला बरा. त्यो यतीन बायांना काय सांगेल नि काय लावेल!"

"ते कवा येतील ते दर्या सांगेल," अंबिका आतून म्हणाली. "पापलेट थांबतंय काय तोवर?"

पुढचे दिवस असे गेले. अंबिका अंधारात उठायची, बाबाजीच्या टेम्पोत जागा असली तर जायची, नसली तर बस. कंडक्टर पाटी बघून कुरकुरायचा. ती पाटीखाली प्लास्टिक अंथरायची, एक थेंब खाली पडू द्यायची नाही आणि कंडक्टरच्या तोंडाला लागायची नाही. इंदुबाई मागोमाग. स्टेशनच्या पुलावरून पाटी डोक्यावर घेऊन उतरताना तिची मान आतून कुठंतरी करकरायची. ती कुणाला सांगायची नाही. तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं, आईनं सांगितलं नव्हतं. पाटीचा भार बोलून दाखवायचा नसतो, उतरवून ठेवायचा असतो, अशी समजूत. आता तिला मान वळवून मागं बघता येत नसे. हाक आली की ती अख्खी वळायची.

"आई, तुम्ही उद्या येऊ नका," अंबिका म्हणाली.

"मना काय झालंय?"

अंबिकेनं तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग ती फोन घेऊन बाहेर गेली आणि यतीनभाईला म्हणाली, "गाडी खोला. मी येते दुपारी."

दुपारी तिघं गेली. अंबिका, इंदुबाई आणि बाबाजी. तो म्हणाला, मी असलेला बरा. हाटकेशच्या गाळ्यांच्या ओळीत यतीनभाईचं गॅरेज. पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन, जमिनीवर वर्षानुवर्षांच्या ऑइलचा काळा लेप. व्हॅन लोखंडी घोड्यांवर चढवलेली होती, तिचा गिअरबॉक्स काढून खाली गोणपाटावर ठेवला होता. इंदुबाईला ते बघवेना. पोट चिरून ठेवलेल्या सुरमईसारखी ती गाडी दिसत होती.

यतीनभाई मूळचा गुजरातचा, जन्म भाईंदरचा. हात पुसत आला आणि क्लचची प्लेट बाबाजीच्या हातात दिली.

"बघा. काय उरलंय?"

ताटलीएवढी चकती. दोन्ही बाजूंचं अस्तर घासून रिव्हिटा वर आलेल्या, कडा निळ्या-काळ्या पडलेल्या.

"इकडं द्या," अंबिका म्हणाली.

बाबाजीनं दिली. तिनं बोटाचं नख अस्तरावरून फिरवलं, प्लेट उन्हात धरली.

"यतीनभाई, माझ्या पायानं झालं काय हे? खरं सांगा."

यतीनभाईनं इंदुबाईकडं बघितलं, मग बाबाजीकडं. मग त्याच्या लक्षात आलं की विचारणारीलाच उत्तर द्यायला हवं.

"थोडं पायानं, ताई. तुमचा पाय पटकन सुटत नाही, गाडी हाफ क्लचमध्ये राहते. पण जास्त भारानं. पाच बायका, एवढा बर्फ, तो चढ... कुणीही चालवली असती तरी ही प्लेट गेलीच असती. जरा उशिरा गेली असती, एवढंच." तो थांबला. "आणि एक. प्लेट घासत जाते तसं पॅडल जड होत जातं. तुम्ही हे किती महिने दाबत होतात?"

"पावसाआधीपासून जड होतं. मना वाटलं, माझाच पाय थकतोय."

तिनं ते सहज सांगितलं. इंदुबाई ऐकत राहिली. पावसाआधीपासून ही पोर रोज शेजारी बसवून आपल्याला नेत होती, हसत होती, गिऱ्हाईकांचे किस्से सांगत होती. पॅडल जड झाल्याचं एका शब्दानं बोलली नव्हती.

यतीनभाईनं पुठ्ठ्याचे दोन खोके आणून बाकड्यावर ठेवले. दोन्हींत तेच तीन भाग: क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग.

"जुन्या प्लेटला नवीन अस्तर मारून दिलं तर?" बाबाजीनं विचारलं. "आमच्या टेम्पोला तसंच करतो."

"करून देतो. पण प्रेशर प्लेटची स्प्रिंग पण तापून बसलीये. दिवाळीला परत घेऊन याल." यतीनभाईनं मान हलवली. "सेटच टाका. आता कुठला ते ठरवा. हा गाडीबरोबर येतो तसा. हा दुसरा भारवाल्यांसाठी. याची स्प्रिंग कडक. प्लेटला घट्ट धरते. कितीही वजन टाका, सरकणार नाही. पाण्याचे जार नेणारे हाच टाकतात. किमतीत तसा काही फरक नाही."

"मग विचार कसला!" बाबाजी म्हणाला. "कडक टाक. पाच बायकांच्या पाट्या येतात हिच्या गाडीत. रस्ता चढाचा हाय."

"फक्त," यतीनभाई म्हणाला, "पॅडल कडक होणार."

"किती?" अंबिकेनं विचारलं.

"आता किती म्हणजे..." त्यानं मूठ हवेत दाबून दाखवली. "सांगता नाही येत."

"कुणाच्या गाडीला हाय का बसवलेला?"

"माझ्याच आहे. ती बाहेर उभी आहे ती. मागं दोन गिअरबॉक्स पडलेत."

अंबिकेनं प्लेट बाकड्यावर ठेवली. "चावी द्या. मी चालवून बघते."

बाबाजी हसला, पण यतीनभाईनं खिशातून चावी काढली. इंदुबाई काही न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसली. यतीनभाई मागं लोखंडात बसला.

पहिल्यांदा पॅडल दाबताना अंबिकेनं खालचा ओठ आत घेतला. गाडी निघाली, आणि काय निघाली! कुठं थरथर नाही, ओरडणं नाही. हाटकेशच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली आणि लागलीच गर्दी. दुपारच्या शाळेच्या बस, रिक्षा, मेट्रोच्या खांबांच्या बाजूनं चिंचोळा झालेला रस्ता. थांब, निघ, थांब, निघ. इंदुबाई समोर बघत नव्हती. ती खाली बघत होती.

अंबिकेनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली होती. पाय उचलला की मांडीचा स्नायू दोरखंडासारखा ताणायचा. पाय खाली जायचा, तिथं तो धरून ठेवावा लागायचा, आणि सोडताना मात्र स्प्रिंग त्याला वर फेकायची. तिच्या पायाची बोटं चपलेत मुठीसारखी वळलेली. घोट्यावरचा जुना व्रण पांढरा पडत चाललेला. पुलाचा चढ आला, गाडी मध्येच थांबवावी लागली, पुढं टँकर, मागं रिक्षावाल्याचा हॉर्न. अंबिकेनं पाय सोडला. गाडी वीतभरही मागं न येता वर गेली.

"वा!" मागून यतीनभाई म्हणाला.

अंबिकेच्या कपाळावरून घामाची धार निघून भुवईत थांबली होती. तिनं ती पुसली नाही. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला गाडी उभी राहिली. दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजायला लागले आणि गाडी तिथंच. इंदुबाईनं बघितलं, पाय पॅडलवर होता आणि थडथडत होता. अंबिका मान खाली घालून त्या पायाकडं बघत होती. झोपलेल्याला जागं करावं तशी. मग गाडी गचका खाऊन निघाली.

गॅरेजात परत आल्यावर ती लगेच उतरली नाही. पाय हातानं उचलून बाहेर ठेवला, मग उतरली.

"कसा वाटला?" बाबाजीनं विचारलं.

"चांगला हाय," अंबिका म्हणाली. "पुलावर गाडी अशी उचलली, जसं मागं काय न्हायच."

"मी बोललेलो!"

"गाडीला चांगला हाय, काका. मना न्हाय."

"होईल सवय. नवीन हाय म्हणून वाटतंय."

"सवय न्हाय होणार." तिचा आवाज चढला नव्हता. "सिग्नलला मना माझा पाय कुठं हाय तेच कळत न्हवतं. उद्या पुढं पोर आडवं आलं तर? गाडी भार घेईल, पण माझा पाय एवढाच हाय. याला पुरंल असाच टाका."

शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर चालूच होता. एवढी माणसं उभी असताना, पायावरून बोल लागलेला असताना, ही बाई सरळ म्हणाली होती, माझा पाय एवढाच हाय. भाव सांगावा तसं. लाजेचा लवलेश नाही आणि कीव मागणंही नाही. इंदुबाईनं आयुष्यात घरातल्या एकाही बाईच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. आपल्या तोंडून तर नाहीच.

यतीनभाईनं कडक खोका उचलून आत नेला. परत येताना म्हणाला, "बरोबर केलंत, ताई. पण भार कमी करावा लागेल. नाहीतर हा पण जळेल."

"भाराचं मी बघते. तुम्ही एक करा. पॅडल जरा खाली येतं का? मना पाय उंच उचलावा लागतो."

"येतं की. केबल बसवताना तुम्ही या, तुमच्या पायावरच लावतो."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स वर चढला, नटबोल्ट आवळले गेले, आणि अंबिका सीटवर बसून पॅडल दाबत राहिली. यतीनभाई गाडीखाली पाठीवर पडून केबलचा नट फिरवायचा आणि ओरडायचा, "आता?" ती म्हणायची, "अजून." तो फिरवायचा. "आता?" "थोडा वर. हां. हां, बस." इंदुबाई स्टुलावर बसून ऐकत होती. दोन माणसं मिळून होडीला डोलकाठी बसवत असावीत तशी ती वाटत होती. पॅडल दाबताना अंबिकेच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काहीच दिसत नव्हतं. ताण नव्हता. तेव्हा कुठं इंदुबाईला समजलं की आपण हिचा ताणलेला चेहरा हाच हिचा चेहरा धरून चाललो होतो.

खरी अडचण पुढं होती. संध्याकाळी बाया ओट्यावर जमल्या. बाबाजीनं आधीच गावभर केलं होतं की कडक क्लच मिळत असताना हिनं साधा टाकला.

"एका खेपेला आता निम्म्याच पाट्या," अंबिका म्हणाली. "उरलेल्या दुसऱ्या खेपेला. मी परत येईन उत्तनला."

"म्हणजे पहिल्या खेपेवाल्यांना ताजं गिऱ्हाईक, नि मागच्यांना ऊन," एक म्हणाली.

"कडक टाकला असता तर ही भानगडच न्हवती," दुसरी पुटपुटली.

विमलाबाई पुढं सरकली. "मना मागं ठेवणार काय गो? या वयात बंदरावर बसून राहू, माशा हाकत?"

अंबिका उत्तर द्यायला उठली, पण इंदुबाईनं तिला हातानं बसवलं. आजवर या ओट्यावर तिनं सुनेची बाजू घेऊन कधी तोंड उघडलं नव्हतं. भांडण झालं की ती भाकरी थापायला आत जायची.

"गाडीत बसायला मीच बोलावलं तुम्हाला," ती म्हणाली. "हिला विचारलं न्हाय. ही पावसाआधीपासून जड पॅडल दाबून आपल्याना नेत होती. कुणाला कळलं? मना तर शेजारी बसून कळलं न्हाय." तिनं सगळ्यांकडं अख्खी वळून वळून बघितलं. "या हप्त्यात मागच्या खेपेला मी. माझ्यासंगती विमल. पुढच्या हप्त्यात तुम्ही. ज्याला पटत न्हाय, त्याला रिक्षा हाय."

पाठीवरून ओघळलेलं बर्फाचं पाणी कुणी विसरलं नव्हतं.

"आणि मागच्या खेपेला गिऱ्हाईक न्हाय कशावरून?" अंबिका म्हणाली. "सिल्व्हर पार्कच्या ऑफिसवाल्या बाया सकाळी डबे करण्यात असतात. त्या उशिराच उतरतात. त्यांना कुणी मासळी देतच न्हाय त्या वेळेला."

पहिले दोन दिवस विमलाबाई बंदरावर तोंड फुगवून बसली. तिसऱ्या दिवशी तिची पाटी पहिल्या खेपेवाल्यांपेक्षा लवकर रिकामी झाली, कारण उशिरा उतरणाऱ्या बाया भाव करायला थांबत नव्हत्या. त्यांना घाई असायची. मग रुसवा गेला. अंबिकेला मात्र आता डबल फेरी पडत होती. ती अंधारात निघायची, पहिल्यांना उतरवायची, तशीच उलटी फिरायची. उत्तनला आली की घटाघट पाणी प्यायची आणि म्हणायची, "चला." थकायची, पण पाय थरथरत नव्हता. रात्री सगळे झोपल्यावर पाय गरम पाण्यात धरून बसणं बंद झालं होतं.

जयकुमार आला तो चांगली मासळी घेऊन आला. बाबाजीनं त्याला बंदरावरच गाठून सगळं ऐकवलं होतं. घरी आल्या आल्या तो गाडीत बसला आणि हातानं पॅडल दाबून बघितलं.

"मऊ हाय गो," तो म्हणाला. "काका बोलत होता, कडकवाला मिळत होता..."

"तू चालवतोस काय?" इंदुबाईनं ओट्यावरून विचारलं.

जयकुमारनं आईकडं बघितलं. ती त्याच्या ताटात वाढायला उठली नव्हती, तिथंच बसून होती. तो हसला. "न्हाय."

"मग."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानंच बर्फाच्या लाद्या गाडीत भरल्या. अंबिका म्हणाली, एक कमी. त्यानं एक काढून ठेवली.

त्या दिवशी मागच्या खेपेला पापलेटं मोठी होती आणि हलव्याचे तुकडे भरगच्च. सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगींच्या मधल्या गल्लीत अंबिकेनं गाडी उभी केली. इथून पुढं वॉचमन गाडी जाऊ देत नसे. पाटी डोक्यावर घेऊन गेटागेटाला जावं लागे. इंदुबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली. विमलाबाई आणि अंबिका दोघींनी मिळून पाटी उचलली, नेहमीसारखी काठोकाठ भरलेली. इंदुबाई खाली वाकली आणि मग तशीच थांबली.

"थांबा," ती म्हणाली. "खाली ठेवा. अर्धी काढा."

"का गो?" विमलाबाई घाबरली. "बरं न्हाय काय?"

"बरी हाय. मान दुखते. एवढीच पेलते मना."

विमलाबाई तिच्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षं बरोबरीनं चाललेली बाई, आणि हे पहिल्यांदा ऐकत होती. अंबिकेनं पाटी खाली टेकवली, निम्मी पापलेटं काढून गाडीतल्या बर्फावर ठेवली आणि पाटी पुन्हा सासूच्या डोक्यावर चढवली, अलगद, मान डुलणार नाही अशी.

इंदुबाई गेटकडं चालू लागली. चार पावलं गेली असेल नसेल, मागून विमलाबाईचा आवाज आला.

"अंबिका, इकडं ये गो जरा. माझी पण थोडी काढ."